कपाटापलीकडची टकटक

त्या घरात एकच खोली अशी होती, जिथे दिवसभर उजेड चांगला यायचा आणि दार लावलं की बाहेरची वर्दळ ऐकू यायची नाही. मुलाच्या लग्नाआधी ती सगळीच्या सगळी अण्णांची होती. सून आली, तिचं काम घरून चालणार असं ठरलं, तेव्हा मुलाने बापाला न विचारता पुस्तकांचं उंच कपाट खोलीच्या मधोमध आडवं लावून टाकलं. खिडकीकडचा अर्धा भाग वडिलांना, दाराकडचा बायकोला. एवढा पराक्रम करून तो पुढच्याच आठवड्यात बोटीवर निघून गेला. मालवाहू जहाजांवर इंजिनं सांभाळायचं त्याचं काम. एकदा गेला की महिनोन् महिने तोंड दिसायचं नाही. "घरात आग लावायची आणि आपण पाण्यावर राहायचं," असं सून त्याच्याबद्दल म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

अण्णा आयुष्यभर व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. त्याच्या जोडीने एका दैनिकासाठी रोजचं शब्दकोडं रचायचे, आणि निवृत्तीनंतर तेच त्यांचं सर्वस्व झालं होतं. आडवे शब्द, उभे शब्द, काळे चौकोन, पांढरे चौकोन. गल्लीतले लोक त्यांना पाठीमागे 'आडवे-उभे' म्हणत. ते कोड्यांमुळे की समोर येईल त्याला उभं-आडवं घ्यायच्या सवयीमुळे, याबद्दल दोन मतं होती. दूधवाल्याच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला म्हणून त्यांनी त्याच्याकडचं दूध बंद केलं होतं. बायको गेल्यापासून त्यांच्याशी वाद घालायला घरात कोणी उरलं नव्हतं, आणि ती उणीव त्यांना फार जाणवत असावी. सून आल्यावर त्यांनी ती पुरेपूर भरून काढली.

सूनही काही गरीब गाय नव्हती. तिची आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती. आवाराच्या मागच्या क्वार्टरमध्ये, फोनच्या घंटा ऐकत ही मुलगी वाढली. आईचा एकच नियम होता: घंटा वाजली की उचलायचं, पलीकडे कोण आहे ते बघायचं नाही. मुलगी पुढे संगणकाचं शिकली आणि दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या संगणक विभागात लागली. वॉर्डात, प्रयोगशाळेत, औषधांच्या खिडकीवर कुठेही मशीन अडलं की फोन हिला. दिवसभर हेडफोन लावून ती तेच तेच बोलायची. "बंद करून चालू केलंत का? वायर हलवून बघितलीत का? नाही ताई, जोरात दाबून होत नाही." हॉस्पिटलात तिला 'बंद-चालू बाई' म्हणायचे. कपाटाच्या अलीकडे ही बडबड आणि पलीकडे पाच अक्षरी शब्द शोधत बसलेला म्हातारा. काय होणार ते कोणीही सांगितलं असतं.

आधी अण्णा पुस्तकं आपटायचे. मग खोकायचे. मग त्यांनी नुसतं "शब्द हरवला माझा!" असं ओरडायला सुरुवात केली. सुनेने घरातल्या वायफायचा पासवर्ड बदलून 'अण्णागप्पबसा' असा सलग करून टाकला. कोडं पाठवायची वेळ झाली तेव्हा अण्णांना तो विचारावा लागला, आणि तिने कपाटापलीकडून एकेक अक्षर सावकाश सांगितलं. अण्णांनी ते मुकाट्याने टाइप केलं. उत्तर त्यांनी दिलं ते छापून. एका सकाळी हॉस्पिटलच्या औषधसाठ्यावरच्या बाईंचा सुनेला फोन आला. मशीन बिघडलेलं नव्हतं. बाईंना हसू आवरत नव्हतं.

"अगं, तुझ्या सासऱ्यांचं आजचं सातवं आडवं बघितलंस का? 'एकदा आली की परत न जाणारी पाहुणी.' अक्षरं दोन!"

दोन अक्षरं कुठली ते सांगायची गरज नव्हती. आता अख्खं हॉस्पिटल जेवणाच्या सुट्टीत ती पेन्सिलीने भरणार. सुनेचे कान तापले. कपाटापलीकडे अण्णांनी मुद्दाम घसा खाकरला. ऐकलंस ना, असा अर्थ.

त्याच दिवशी, ती चिडून गप्प बसलेली असताना, तिला पलीकडून दुसराच एक आवाज आला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. मग घर्र करून काहीतरी फिरल्यासारखं, मग शांतता, मग परत तेच. टेबलाला पाय लागत असेल म्हणून तिने हेडफोन काढून नीट ऐकलं. पाय नव्हता. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये एक चकती गरगर फिरत असते आणि तिच्यावरून एक बारीक काटा वाचत जातो. काट्याला जागा सापडेनाशी झाली की तो पुन्हा पुन्हा मागे येऊन आपटतो, आणि मशीनच्या पोटातून अशी टकटक येते. हॉस्पिटलात हा आवाज आला की ती हातातलं काम टाकून पळायची.

इथे ती उठली नाही. 'मला काय त्याचं,' असं मनाशी म्हणाली, हेडफोन पुन्हा कानावर चढवले आणि पुढचा फोन घेतला.

त्यानंतरचे दिवस तिने सगळं ऐकलं. फाइल उघडायला इतका वेळ लागायचा की अण्णांचा चहा निवून जायचा. "उघड ना गाढवा!" असं म्हणत ते झाकणावर चापटी मारायचे. अधूनमधून मशीन जागच्या जागी गोठायचं. दोन जुन्या कोड्यांच्या नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसायला लागली, त्याबद्दल त्यांनी संगणक कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सकाळी मशीन चालू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची: डिस्क निकामी होण्याच्या बेतात आहे, प्रत काढून घ्या. पण लॅपटॉप भेट देणाऱ्या जावयाने त्यांना शिकवून ठेवलं होतं, "असलं काही आलं की एंटर दाबायचं, अण्णा." अण्णा रोज एंटर दाबत होते. बिचारं यंत्र तोंडाने सांगत होतं, आणि ते रोज त्याच्या तोंडावर हात ठेवत होते.

शेवटी सुनेलाच राहवलं नाही. जेवणाच्या टेबलावर ताट पुढे सरकवत ती म्हणाली, "अण्णा, तुमच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क चाललीय."

"कुठे?"

"वर."

अण्णांनी घास खाली ठेवला. "तुझी इच्छा दिसतेय तशी."

"माझ्या इच्छेने डिस्क जायला लागल्या तर हॉस्पिटल बंद पडेल. मी आवाज ऐकलाय. आजच्या आज सगळ्याची प्रत काढून घ्या, मी काढून देते. तोवर ते मशीन उगाच चालू ठेवू नका, आणि चापट्या मारू नका."

"म्हणजे तू कान लावून बसतेस."

"कान लावावे लागत नाहीत. मध्ये कपाट आहे, भिंत नाही."

"आपण माझ्या मशीनला हात लावायचा नाही," अण्णा म्हणाले. रागाचा कडेलोट झाला की ते सुनेला 'आपण' म्हणत. "आपलं ते वायफाय या घरात आल्यापासून त्याला घरघर लागली आहे. आधी बिघडवायचं आणि मग वैद्य म्हणून उभं राहायचं. ओळखून आहे मी."

जेवण तसंच टाकून ते उठले आणि बाहेरच्या खोलीतून मुलीला फोन लावला. आवाज मुद्दाम चढा होता. "हिने काहीतरी केलंय माझ्या मशीनला. तुम्ही दोघं या."

रविवारी नणंद आणि तिचा नवरा आले. जावईबापूंचा फरशांचा धंदा होता, पण यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि बायकोने ती कधी मोडली नव्हती. त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, भुवया उंचावल्या आणि निदान केलं. "काही नाही. आत कचरा साठलाय. दुरुस्तीचा प्रोग्रॅम लावून देतो, तो आपला आपण सगळं तपासून जागेवर आणतो."

"आधी प्रत काढा," सून दारातून म्हणाली. "मग काय लावायचं ते लावा. आजारी डिस्कला दिवसभर पळवलंत तर आहे तेही जाईल."

"तू जरा गप्प बसशील का?" नणंद म्हणाली. "माझा भाऊ इथे नाही म्हणून अण्णांना एकटं पाडलंयस तू. कोड्यावरून राग काढतेस त्यांच्यावर."

"ताई, मी डिस्कबद्दल बोलतेय."

"तुझ्या तोंडी लागायची माझी इच्छा नाही."

"मग लागू नका."

प्रोग्रॅम लावला. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली. तिघं बाहेर जेवायला बसले, सून स्वयंपाकघरात उभ्याने जेवली. कपाटाच्या खोलीतून टकटक ऐकू येत होती. आधी तुटक, मग एकसारखी, मग कोणी डब्यात खिळे घालून हलवावा तशी खडखड. निळी पट्टी अर्ध्यावर येऊन थबकली. जावईबापूंनी दोनदा बटण दाबून मशीन बंद केलं, दोनदा चालू केलं. तिसऱ्यांदा पडदा काळाच राहिला आणि त्यावर नुसती एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली.

"आपोआप गेलं," जावईबापू म्हणाले.

"आपोआप नाही. ढकललंत तुम्ही," सून म्हणाली.

त्यावर जे बोलणं झालं त्यात नणंदेने सुनेचं माहेर काढलं, सुनेने जावईबापूंच्या फरशा काढल्या, आणि चहा न घेता पाहुणे निघून गेले. अण्णांनी लॅपटॉप फडक्यात गुंडाळून कपड्यांच्या कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

आता त्या लॅपटॉपमध्ये नुसती छापून झालेली कोडी असती, तर अण्णांचं एवढं बिघडलं नसतं. पण तिथे त्यांचं शब्दभांडार होतं. वापरलेला प्रत्येक शब्द, तो ओळखायला आजवर दिलेली प्रत्येक खूण आणि कोणत्या दिवशी दिली ते. वर्षानुवर्षं एकेक दाणा वेचून साठवलेलं. त्याच्या आधाराने ते पैजेवर सांगत की त्यांची एकही खूण दोनदा आलेली नाही. आता ते पट्टी-पेन्सिल घेऊन बसले, कागदावर चौकोन आखायला लागले, आणि डोक्यातून शब्द काढायला लागले. डोकं शाबूत होतं, पण काय आधी वापरलंय आणि काय नाही, याचा पत्ता लागेना. अंधारात ओळखीच्या घरातही माणूस ठेचकाळतो, तसं त्यांचं झालं.

दैनिकाच्या पुरवणीच्या संपादकाचा फोन आला तेव्हा सून आपल्या जागेवर होती. अण्णांना फोनवरचं कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असायचा, त्यामुळे तिला पलीकडचंही सगळं ऐकू आलं.

"अण्णा, कालच्या कोड्याचा खालचा उजवा कोपरा अख्खा मागच्या महिन्यातलाच आहे हो. त्याच खुणा, तेच शब्द. वाचकांचे फोनवर फोन येताहेत."

पलीकडे कागदांची चाळवाचाळव झाली.

"तब्येत बरी आहे ना? नाही, आता वयही झालं. हवं तर थोडी विश्रांती घ्या. आमच्याकडे एक मुलगी आली आहे, ती कॉम्प्युटरवरच कोडी तयार करते. पाच मिनिटांत एक."

"पाच मिनिटांत," अण्णा म्हणाले. एवढंच. त्यांनी फोन ठेवला.

ते ऐकून सुनेला आधी गारेगार वाटलं. खोटं कशाला बोला? फेडलं देवाने, असंच तिच्या मनात आलं. पण पलीकडे पुस्तक आपटलं नाही, खोकला आला नाही, "शब्द हरवला" झालं नाही. कितीतरी वेळ काहीच आवाज आला नाही. त्या शांततेत तिला हेडफोन लावून बसवेना.

दुसऱ्या दिवशी अण्णा कापडी पिशवीत लॅपटॉप घालून, कुठे जातोय ते न सांगता बाहेर पडले. सून कामाला बसली. मध्येच फोन वाजला.

"नमस्कार, संगणक विभाग. काय अडचण आहे?"

पलीकडे गाड्यांचा आवाज. मग कोणीतरी घसा साफ केला. "एक लॅपटॉप आहे."

आवाज तिने तिथल्या तिथे ओळखला. हा नंबर दिवसातून शंभरदा तिच्या तोंडून कपाटापलीकडे जायचा. म्हाताऱ्याला तो पाठ झाला होता.

"कोणत्या वॉर्डातून बोलताय?" तिने विचारलं. दुष्टपणाच तो.

"वॉर्डातून नाही. दुरुस्तीच्या दुकानातून."

"नाव सांगा."

"नावाशी काय करायचंय?"

"नोंद करावी लागते."

"मग करा. ज्येष्ठ नागरिक म्हणून करा." मग आवाज जरा खाली आला. "दुकानदार म्हणतोय, फॉरमॅट करून देतो, मशीन नव्यासारखं होईल. फॉरमॅट म्हणजे नक्की काय?"

"पाटी पुसून कोरी करणं."

"सगळी?"

"सगळी."

तिचा चेष्टेचा सूर तिथेच संपला. "ऐका. त्याला हात लावू देऊ नका. मशीन चालूसुद्धा करू देऊ नका. पिशवीत घाला आणि सरळ घरी या."

"घरी कोण आहे?"

"घरी मी आहे."

"ते ठाऊक आहे मला," अण्णा म्हणाले आणि फोन कट झाला. पण आले ते सरळ घरी.

तिने त्यांना आधी एक मार्ग सांगितला. अशा डिस्क उघडून, धूळ नसलेल्या खोलीत माहिती काढून देणारी माणसं असतात. ती महिनाभर डिस्क ठेवून घेतात, पण मिळायचं ते बहुतेक मिळतं. अण्णांनी तिथल्या तिथे मान हलवली. "परक्या माणसांनी माझे शब्द चिवडायचे? नाही."

"मग मी करीन ते. पण माझ्या पद्धतीने. आणि गेलं तर माझ्या नावाने शंख करायचा नाही."

"तो मी करणारच."

"करा मग," ती म्हणाली आणि कामावर सुट्टी टाकली.

तिने नवी बाहेरची डिस्क आणली, लॅपटॉपच्या पाठीचे स्क्रू काढून जुनी डिस्क अलगद बाहेर घेतली, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवली, वायरने आपल्या मशीनला जोडली आणि टेबलफॅन तिच्यावर रोखला. दुरुस्ती-बिरुस्ती काही नाही. आधी जे सहज वाचता येतंय ते जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवायचं, अडेल तिथे हट्ट न करता पुढे जायचं, आणि सगळ्यात शेवटी अडलेल्या जागांकडे परत यायचं. तसं करणारा प्रोग्रॅम तिने लावला. अण्णा स्टूल घेऊन कपाटाच्या या बाजूला येऊन बसले. कपाट लागल्यापासून पहिल्यांदाच.

"आधी शब्दभांडार काढ," त्यांनी हुकूम सोडला.

"निवडून काढता येणार नाही. शोधाशोध करायला लावली की ती जास्त आपटते. आधी सरसकट."

"म्हणजे जावयाने केलेला बिघाड, रस्ता तुझा, आणि माल माझा."

"अगदी बरोबर बोललात."

पडद्यावर आकडे सरकत होते. टकटक सुरू झाली. ती वाढली तशी तिने प्रोग्रॅम थांबवला, वायर काढली आणि हात बांधून बसली.

"का थांबलीस?"

"दम घेऊ दे तिला जरा. तापलीय."

"माणसांना नुसता दम देतेस, आणि यंत्राला दम घेऊ देतेस!"

सुनेला हसू येत होतं. ते तिने पंख्याकडे तोंड करून गिळलं. असा तो दिवस गेला, आणि दुसराही. चालवायची, थांबवायची, थंड करायची, परत लावायची. मध्ये अण्णांनी दोनदा भांडण काढलं, एकदा तिने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायर जोडली तेव्हा डिस्क फिरलीच नाही. तिने कानाशी धरून ऐकलं. आत काहीही हललं नाही.

"संपलं," ती म्हणाली.

नव्या डिस्कवर जे उतरलं होतं ते तिने उघडून दाखवलं. कोडी जवळजवळ सगळी आली होती. शब्दभांडारही आलं होतं. अण्णा स्टुलावर पुढे सरकले, तिच्या हातातून माऊस घेतला आणि सरसर खाली जायला लागले. अ, आ, क, ग, त, द, न. 'न' संपला आणि पानंच्या पानं चौकोन आणि प्रश्नचिन्हं यायला लागली. 'म' आला तेव्हा शब्द पुन्हा शब्द झाले.

"प," अण्णा म्हणाले. "फ, ब, भ. गेले?"

"तेवढी जागा वाचताच आली नाही."

"ओठांची अक्षरं गेली सगळी! अख्खा पवर्ग!"

"म वाचलाय," ती म्हणाली. तिला ते समजूत घातल्यासारखं वाटलं होतं. ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटली.

"म वाचलाय! मोठे उपकार झाले! तुझ्या हाताला यश म्हणून नाही. मनात पाप ठेवून कोणी काम केलं की असंच होतं. त्या मुलीला पाच मिनिटांत कोडं करता येतं, आणि आपल्याला दोन दिवसांत चार अक्षरं वाचवता आली नाहीत!"

दोन दिवस पाठ मोडून बसलेल्या सुनेच्या डोक्यात काहीतरी तुटलं. "पाप ना? मग ऐका. ते सातवं आडवं छापून आलं त्या दिवशीच मी हा आवाज ऐकला होता. काय आहे तेही कळलं होतं. आणि गप्प बसले. मुद्दाम."

अण्णांनी चष्मा काढला.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"त्या दिवशी सांगितलं असतंस, तर ही चार अक्षरं वाचली असती?"

"वाचली असती, कदाचित. कदाचित नसतीही. मला माहीत नाही." तिने टेबलफॅन बंद केला. "तुम्ही हात लावू दिला असतात का, तेही माहीत नाही."

अण्णा उठले. "तरी म्हटलं," ते म्हणाले, "एवढी बोलकी बाई, गप्प कशी." स्टूल उचलून ते कपाटाला वळसा घालून आपल्या बाजूला गेले. त्यांच्या आवाजात ओरडण्याचा जोर नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

मग अबोला धरला गेला. भांडणं परवडली, अशी ती शांतता होती. सून फोन घ्यायची, पण तिचा आवाज आपोआप खाली यायचा. तिला अण्णांबद्दल फार वाईट वाटत होतं असं नाही. तिला आई आठवायची, एक्स्चेंजच्या उंच खुर्चीवर बसलेली, घंटा वाजली की कोणाची आहे ते न बघता उचलणारी. आपण घंटा ऐकली, कोणाची आहे ते बघितलं, आणि वाजू दिली. हे तिला कोणाला सांगता येत नव्हतं. नवऱ्याला जहाजावर फोन लागला तेव्हा सांगायचा प्रयत्न केला, तर तो म्हणाला, "तुम्ही दोघंही ना! मी कोणाची बाजू घेऊ?"

"कोणाची नको घेऊस. पुढच्या वेळी कपाट लावायच्या आधी विचार मात्र," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माफी तिने मागितली नाही. अण्णांनीही मागितली नाही. त्या दोन अक्षरांबद्दल तर मुळीच नाही. पण अण्णा फिरायला गेले की ती त्यांच्या बाजूला जायची, दुरुस्त होऊन आलेल्या लॅपटॉपला बाहेरची डिस्क जोडायची, दिवसभराच्या कामाची प्रत काढायची आणि डिस्क परत खणात ठेवायची. अण्णांना ते ठाऊक होतं. कारण एकदा ती विसरली, तर संध्याकाळी तिच्या टेबलावर ती डिस्क वायरीसकट आणून ठेवलेली होती. आपटून ठेवली होती, वायरीचा गुंता झाला होता, पण ठेवली होती.

अशीच एक सकाळ. सून फोनवर कोणाला तरी छापायच्या मशीनचं झाकण उघडायला सांगत होती. एवढ्यात पलीकडून आवाज आला.

"प पासून. पाच अक्षरी. कान नाहीत का?"

तिने फोनचा आवाज बंद केला. अबोला सुटला की नाही याचा विचार करायलाही तिला वेळ मिळाला नाही. तोंडातून आपोआप निघून गेलं. "पाठराखण."

पलीकडे बोटं टाइप करत होती. "तुझ्या तोंडी शोभत नाही, पण चालेल. फ?"

"फुशारकी."

"ब?"

"बडेजाव."

"माझ्याकडे बघून सांगतेस वाटतं. भ?"

"भांडकुदळ."

"भांडकुदळ," अण्णांनी मोठ्याने म्हणत टाइप केलं. "खूण: कपाटापलीकडचा प्राणी."

"कपाटाला पलीकडची बाजू दोन्हीकडून असते, अण्णा," ती म्हणाली आणि फोनवरच्या माणसाला म्हणाली, "हां, झाकण उघडलंत? आता कागद ओढा."

तिथून ते सुरू झालं. हरवलेली चार अक्षरं त्यांनी अशी भांडत भांडत भरायला घेतली. तिने सांगितलेले निम्मे शब्द अण्णा फेटाळून लावायचे: हा तद्भव नाही, तो ग्राम्य, हा तुझ्या हॉस्पिटलचा. ती सांगायची, मग तुमचे तुम्ही शोधा. थोड्या वेळाने परत हाक यायची. एकदा 'ब' पासून चार अक्षरी हवा होता आणि ती म्हणाली, "बिचकुंडी."

"असा शब्द नाही."

"आहे. आमची आई म्हणायची. कारण नसताना जेवायच्या तोंडावर जे छोटंसं भांडण होतं ना, ती बिचकुंडी. 'आता बिचकुंडी नको, पानं घेतलीत,' असं म्हणायची."

अण्णांनी तीन शब्दकोश काढले, तिन्ही धाडधाड आपटले. कुठेच नव्हता. त्यावरून जे वाजलं ते ऐकून शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. शब्द तिने परत घेतला नाही, त्यांनी मान्य केला नाही, आणि दोघं वेगवेगळ्या वेळी जेवले.

त्या महिन्याच्या शेवटी एका रविवारी संपादकाचा फोन आला. नेहमीसारखा मोठ्या आवाजात.

"अण्णा, आजचं बारावं उभं. बिचकुंडी. वाचक विचारताहेत, असा शब्द कुठल्या कोशात आहे?"

सून भाजी चिरता चिरता थांबली.

"कोशात नसेल," अण्णा म्हणाले. "कोश करणाऱ्यांच्या घरी शांतता असेल. आमच्या घरात रोज वापरतात." आणि फोन ठेवून स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "कुं वर अनुस्वार दिलाय मी. तुझ्या आईला विचारून घे. चुकला असेल तर दोष माझा नाही."

"आधी विचारायचं होतंत," सून आतून म्हणाली.

"तुझ्याशी कोण बोलतंय?" अण्णा म्हणाले, आणि पानं घ्यायला उठले.